वर्णाचा रकाना: एका वधू-वर मंडळातलं प्रकरण

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं वधू-वर सूचक मंडळ भरतं. शनिवार-रविवार, संध्याकाळी पाच ते आठ. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीला लागून बाकडं आणि डोक्यावर एक ट्यूबलाइट, जी पावसाळ्यात हटकून फडफडते. मी तिथला कार्यवाह. म्हणजे चहा सांगण्यापासून अर्ज संगणकावर चढवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

गेल्या नोव्हेंबरात, तुळशीची लग्नं लागून आठवडा झाला असेल नसेल, आमच्याकडे एक लेखी तक्रार आली. तक्रारी आम्हाला नव्या नाहीत. पगार फुगवून सांगितला, मंगळ लपवला, आधीचं लग्न सांगितलं नाही, हे नेहमीचं. ही मात्र रंगाची होती. पुढे जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण आमच्यासारख्या मंडळांकडे आज ना उद्या हा कागद येणार आहे. कोणाचंही नाव दिलेलं नाही.

तक्रार

मुलाकडचे डोंबिवलीचे. मुलगी लालबागची, सिव्हिल इंजिनिअर, बांधकामाच्या साइटवर नोकरी. वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त. पत्रिका जुळली, फोटो गेले, रविवारी कांदेपोहे झाले आणि मंगळवारी मुलाच्या आईचा टाइप केलेला अर्ज टेबलावर आला. मुलीचा वर्ण मंडळाने ‘गव्हाळ’ दाखवला होता, प्रत्यक्षात मुलगी काळीसावळी आहे, ही खोटी माहिती आहे; आमचा रविवार आणि गाडीभाडं वाया गेलं, मनस्ताप झाला तो वेगळा. मागण्या दोन: नोंदणी शुल्क परत करावं आणि ‘सदर कुटुंबाचं’ नाव यादीतून काढावं. नाहीतर ग्राहक मंचात जाऊ.

शनिवारी त्या स्वतः आल्या. सोबत मुलगाही होता. तो शेवटपर्यंत मोबाइलमध्ये बघत बसला.

“आम्ही रंगावर जाणारी माणसं नाही हो भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण कागदावर एक आणि समोर एक, हे कसं चालेल? उद्या पगाराचंही असंच कराल.” मग थोडं थांबून, आवाज उतरवून, “आणि पोहे घेऊन आली तेव्हा खोलीत एकच पिवळा दिवा होता. मुद्दाम.”

दिव्याचं ऐकून आमचे खजिनदार हसले. मी हसलो नाही, कारण बाईंच्या बोलण्यात तथ्य होतं. रकाना आमचा. तो त्यांनी मागितला नव्हता, आम्ही छापला होता. पैसे घेऊन आम्ही माहिती देतो. ती चुकली तर जाब विचारायचा हक्क त्यांना आहेच. रंगाचा आग्रह धरणारी बाई म्हणून त्यांना वाईट ठरवणं सोपं होतं. पण त्या आमच्याच फॉर्मच्या भाषेत बोलत होत्या.

अध्यक्षांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. पैसे परत द्या, मुलीच्या वडिलांना समजावून सांगा, नाव दोन महिने बाजूला ठेवा. तसंच झालं असतं. पण समितीतल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो, त्या म्हणाल्या, “आधी मूळ अर्ज काढा. मुलीने काय लिहिलंय ते तरी बघू.”

कपाटातला कागद

अर्ज वडिलांच्या अक्षरात होता. तिरकं, दाबून लिहिलेलं निळं अक्षर. उंची पाच फूट तीन इंच. रक्तगट बी पॉझिटिव्ह. रास, नक्षत्र, शिक्षण, पगार, मामाचं गाव. आणि ‘वर्ण’ या शब्दापुढे काहीच नाही. रेघसुद्धा नाही.

मग ‘गव्हाळ’ कोणी लिहिलं?

मी. तीन वर्षांपूर्वी एका सदस्यांच्या भाच्याने आम्हाला नोंदणीचं सॉफ्टवेअर करून दिलं. त्यात वर्णाचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चार पर्याय: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. पाचवा नाही. तेव्हा भाच्याने विचारलं होतं, ‘काळा’ टाकू का? आणि आम्हीच त्याला सांगितलं होतं की तो कोण निवडणार, नको टाकूस. म्हणजे आमची शिडी सावळ्यापाशी संपते. त्याखालचा शब्द फक्त फोनवर बोलायचा. मी अर्जाला टाचलेला फोटो बघून तिसरा पर्याय दाबला असणार. असणार म्हणतो, कारण ते मला आठवतसुद्धा नाही. दिवसाला दहा-बारा अर्ज चढवताना या रकान्याला कितीसा वेळ लागतो?

माझा चेहरा पडलेला बघून समितीतले वकीलसाहेब म्हणाले, तुम्ही चुकलात की नाही तेच अजून ठरलेलं नाही. मुलगी गव्हाळ असेलही. मग बाईंनी एक शाळकरी प्रकार सुचवला. वडिलांकडून मुलीचे आणखी तीन फोटो मागवले आणि चारही फोटो टेबलावर मांडले. कॉलेजच्या ओळखपत्राचा. स्थळासाठी काढलेला स्टुडिओतला. चुलतभावाच्या लग्नातला, संध्याकाळचा. आणि साइटवरचा, मे महिन्यातला, पिवळं हेल्मेट घातलेला, मागे काँक्रीटची पांढरी भिंत. आम्ही सात जण. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा, दुसऱ्याची चिठ्ठी बघायची नाही.

गव्हाळ तीन. सावळी दोन. निमगोरी एक. एक चिठ्ठी कोरी, ती बाईंची. सावळी लिहिणाऱ्या दोघांत एक मी होतो. संगणकावर गव्हाळ दाबणारा मीच, आणि तीच मुलगी समोर असताना सावळी लिहिणाराही मीच.

फोटो नीट बघितले की याचं अर्धं उत्तर मिळतं. स्टुडिओवाला न विचारताच चेहरा उजळवतो. लग्नाचा फोटो म्हटला की हे उजळवणं त्याच्या मजुरीतच धरलेलं असतं. कॅमेरा स्वतःहून प्रकाश ठरवतो तेव्हा समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढचा माणूस काळवंडतो आणि अंधाऱ्या मांडवातला उजळतो. त्यात वर्षभर उन्हात उभं राहण्याची नोकरी. मे महिन्यातली ती आणि जानेवारीतली ती, दोन्ही खऱ्याच. डोंबिवलीच्या बाई पिवळ्या दिव्याबद्दल बोलल्या ते अगदीच वावगं नव्हतं. फक्त दिवा सगळ्याच घरांत असतो, आणि आमच्या कार्यालयातही आहे.

उपाध्यक्षांची सून त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिला फोनवर विचारलं की तुमच्याकडे रंग कसा मोजतात? ती म्हणाली, डॉक्टर फिट्झपॅट्रिक पट्टी वापरतात, सहा प्रकारांची. पण १९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती केली ती अतिनील किरणांच्या उपचारात कोणाला किती मात्रा द्यायची हे ठरवण्यासाठी, आणि त्यांचा प्रश्न ‘उन्हात तुमची कातडी भाजते की रापते’ असा होता. कोण उजळ दिसतं असा नव्हता. त्याच १९७५ साली आपल्याकडे फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि तिच्या नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. हा निव्वळ योगायोग, पण या दोन गोष्टींपैकी आमच्या फॉर्मवर कोणती पोचली हे सांगायला नको. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “मुलीला कोणी क्रीम सुचवत असेल तर आधी थांबवा.” अकोल्यातल्या एका मुलीचं, तिच्या आईचं आणि बहिणीचं प्रकरण तिने आठवण करून दिलं: रंग उजळवणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने तिघींच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आणि केईएमच्या डॉक्टरांनी त्याचा छडा लावला.

कायद्याचं काय

वकीलसाहेबांनी ग्राहक मंचाची धमकी हलक्यात घेतली नाही. शुल्क घेतो म्हणजे सेवा देतो, आणि सेवेत त्रुटी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार होऊ शकते. पण ‘खोटी माहिती’ म्हणायला काय लागतं? १८७२ च्या करार कायद्यात फसवणुकीची व्याख्या आहे: जे खरं नाही ते, स्वतःला खरं वाटत नसताना, वस्तुस्थिती म्हणून सांगणं. उंची वस्तुस्थिती आहे, टेप लावता येते. पगाराची पावती असते. वर्णाला काय लावणार? ‘गव्हाळ’ हे मत आहे, आणि तेही मुलीचं नाही, आमच्या कार्यवाहांचं. त्यांनी ‘कार्यवाहांचं’ हा शब्द जरा लांबवून म्हटला.

बाईंचा प्रश्न वेगळा होता. रंगावरून नाव यादीतून काढा, अशी मागणी कोणी करूच कशी शकतं? भेदभावाला बंदी नाही का?

इथे वकीलसाहेबांचं उत्तर आम्हाला नवीन होतं. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढेच आधार लिहिले आहेत. रंग नाही. नोकऱ्यांबद्दलच्या १६व्यातही नाही. शिवाय १५(१) बांधतो तो राज्यसंस्थेला. दादरच्या पहिल्या मजल्यावरच्या खासगी मंडळाला नाही. त्याच सुमाराच्या, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मात्र ‘रंग’ स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या करारात तो आहे, भारताने १९६० साली तो मान्य केला. वंशभेदाविरुद्धच्या करारात आहे, त्यालाही १९६८ साली आपण मान्यता दिली. बाहेर सह्या केल्या त्या कागदांवर शब्द आहे, घरच्या मूळ यादीत नाही.

बाई एसएनडीटीच्या. त्या विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता संविधान सभेतही होत्या आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या आयोगातही. ‘सर्व पुरुष’ असं वाचलं जाणारं इंग्रजी वाक्य त्यांच्या आग्रहाने ‘सर्व मानव’ झालं. बाई पुटपुटल्या, “एवढी शब्दाला जपणारी बाई दोन्हीकडे होती, आणि तरी एका कागदावर रंग आला, दुसऱ्यावर नाही.” याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. घटना लिहिणाऱ्यांना जातीचा डोंगर समोर दिसत होता, एवढं मला वाटतं.

लग्नानंतर मात्र रंग कोर्टात बराच येतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दाराने. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नवऱ्याला काळा म्हणून हिणवणं ही क्रूरता मानून त्याला घटस्फोट दिला. छत्तीसगड उच्च न्यायालयाने त्याच वर्षी उलट्या बाजूच्या प्रकरणात नवऱ्याला घटस्फोट नाकारला आणि गोऱ्या रंगाच्या हट्टाला खतपाणी घालता येणार नाही असं सुनावलं. आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये साताऱ्याच्या एका प्रकरणात, बायकोच्या आत्महत्येनंतर १९९८ साली शिक्षा झालेल्या नवऱ्याला निर्दोष सोडलं. काळ्या रंगावरून टोमणे मारणं आणि दुसरं लग्न करीन म्हणणं हे घरगुती भांडण आहे, फौजदारी कायद्याला लागते त्या दर्जाची क्रूरता नाही, असा निष्कर्ष निघाला. वकीलसाहेब म्हणाले, घटस्फोटाच्या दाव्याचं माप वेगळं आणि फौजदारी खटल्याचं वेगळं, म्हणून हे निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. कायद्याने त्यांचं बरोबर असेल. बाकड्यावर बसून ऐकणाऱ्याला मात्र तोच टोमणा एकीकडे क्रूरता आणि दुसरीकडे भांडण वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

एक गोष्ट मला जास्त लागली. जाहिरातवाल्यांची स्वतःची परिषद आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, आपल्या मुंबईतलीच. तिने २०१४ साली नियम केला की सावळ्या माणसाला लग्नात, नोकरीत, बढतीत कमी पडणारा असा दाखवायचा नाही. २०२० मध्ये शादी डॉट कॉमने लोकांच्या रेट्यामुळे वर्णाचा फिल्टर काढून टाकला. म्हणजे साबण-क्रीम विकणाऱ्यांना जे करता येत नाही, ते आम्ही, सेवाभावी वगैरे म्हणवणारे, २०२५ मध्ये बिनदिक्कत करत होतो. त्या २०२० मध्ये आमच्याकडेही विषय निघाला होता. करोनामुळे बैठक झाली नाही. नंतर कोणी काढला नाही.

मुलगी आली

तिला आम्ही बोलावलं नव्हतं. पुढच्या शनिवारी ती साइटवरून थेट आली, पाठीला सॅक, बुटांवर सिमेंट. वडील बाकड्यावर बसले, ती उभीच राहिली.

“काका, मला शुल्क परत नको. नाव ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. पण ‘खोटी माहिती दिली’ असं त्या बाईंनी लिहिलंय. ते ‘गव्हाळ’ कोणी लिहिलं, एवढं मला मंडळाच्या कागदावर लिहून द्या.”

अध्यक्षांनी वातावरण हलकं करायला बघितलं. “अगं, मनाला लावून घेऊ नकोस. आपला तर देवच सावळा. विठोबा बघ.”

“देवाला स्थळं बघायची नसतात,” बाई म्हणाल्या.

खजिनदारांनी ‘काळी बेंद्री एकाची’ ही म्हण सुरू केली, धीर द्यायच्याच हेतूने, आणि मध्येच गिळली. वडील जमिनीकडे बघत होते. नंतर जिन्यात त्यांनी मला सांगितलं, “रकाना मुद्दाम सोडला होता साहेब. गोरी लिहिली तर खोटं, सावळी लिहिली तर फोनच येत नाही. थोरलीच्या वेळेला लिहिलं होतं.” थोरलीचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही.

बाईंनी तोवर मुलाचा अर्ज काढला होता. त्याच्या वर्णापुढे त्याच्या आईने आडवी रेघ मारलेली. संगणकावर ‘निमगोरा’. तेही मीच. सांगायला हवं की मुलगा त्या मुलीपेक्षा उजळ नव्हता. चिठ्ठ्या टाकायची गरज पडली नसती. मग मी ती सबंध फाइल चाळली. मुलांच्या अर्जांत बहुतेक ठिकाणी रेघ किंवा कोरी जागा, मुलींच्या अर्जांत बहुतेक ठिकाणी शब्द. डोंबिवलीच्या बाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका क्षणात उत्तर दिलं, “मुलाचं वेगळं असतं.” रागाने नाही. मला काहीतरी साधं कळत नसल्यासारखं.

निर्णय

बैठक पावणेतीन तास चालली, चहा तीनदा आला.

मुलीला लेटरहेडवर पत्र दिलं: तिने वा तिच्या वडिलांनी वर्णाबद्दल कोणतीही माहिती दिली नव्हती, नोंद मंडळाच्या कार्यवाहांनी अंदाजाने केली, तिच्याविरुद्धची तक्रार निराधार आहे. खाली सही माझी. यावर दुमत नव्हतं.

तक्रारदार बाईंना शुल्क परत दिलं. यावर होतं. बाई आणि खजिनदार दोघेही विरोधात, वेगवेगळ्या कारणांनी. खजिनदारांना पायंडा नको होता. बाईंचं म्हणणं जास्त टोकदार: पैसे परत केले म्हणजे रंग ही पैसे मोजून घ्यायची माहिती आहे असं आपण मान्य केलं. माझं मत परत देण्याच्या बाजूने पडलं, कारण रकाना आमचा, अंदाज आमचा आणि त्यावर विसंबून डोंबिवलीहून लालबागला आलेली माणसं त्यांची. बाईंचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही.

तिसरा ठराव रकाना काढून टाकण्याचा. चार विरुद्ध तीन. विरोध करणाऱ्या तिघांना रंगाचं कौतुक होतं असं समजू नका. उपाध्यक्षांनी विचारलं, “रकाना गेला तरी नजर जाणार आहे का? आज निदान कागदावर रंग बघूनच नको म्हणणारे घरी येत नाहीत. उद्या ते येतील, पोहे खातील आणि मग नाही म्हणतील. त्या मुलींना हे बरं वाटेल?” हा प्रश्न मी अजून बरोबर घेऊन फिरतो. भाच्याने दोन दिवसांत सॉफ्टवेअरमधून तो भाग काढला. छापील फॉर्मचे गठ्ठे शिल्लक होते, ते फेकायला खजिनदार तयार नव्हते. मी आणि शिपाई पट्टी घेऊन एकेका फॉर्मवर रेघ मारत बसलो.

उपाध्यक्ष म्हणाले ते निम्मं खरं झालं. फोन येतात. “बाकी सगळं छान आहे हो, पण मुलगी कशी आहे?” त्यातल्या ‘कशी’वर किंचित भार असतो. मी नोकरी सांगतो, शिक्षण सांगतो, उंची सांगतो. पलीकडे शांतता. मग, “नाही, म्हणजे... कशी आहे?” आणि मी पुन्हा नोकरीपासून सुरू करतो.

फेब्रुवारीत त्या मुलीने नोंदणीचं नूतनीकरण केलं. या वेळी अर्ज तिच्याच अक्षरात होता. वर्णाच्या जागी आमची रेघ. शेवटी ‘इतर माहिती’ म्हणून चार ओळींची जागा असते, तिथे लोक आवडीनिवडी लिहितात. तिने लिहिलं होतं: ‘वर्ण सावळा. भेटीच्या वेळी घरातले सगळे दिवे लावलेले असतील.’

अध्यक्ष म्हणाले, आपण रंग काढलाय, मग हे ठेवता येणार नाही, खोडा. माझ्या हातात पेन होतं. बाई म्हणाल्या, “आपला शब्द काढलाय. हा तिचा आहे.”

तो अर्ज मी तसाच चढवला.